खोक्यात भरून आलेली आपुलकी

घरून काम करणारा कर्मचारी कंपनीपासून तुटू नये म्हणून काय करावं, या प्रश्नाला ब्रँडिंगवाल्यांकडे तयार उत्तर आहे. ऑफिस त्याच्या डोळ्यांआड गेलं ना, मग ऑफिसच त्याच्या घरी पाठवून द्या. रिसेप्शनमागची रंगीत भिंत, कँटीनमधली घोषवाक्यं, लिफ्टशेजारचा लोगो हे सगळं पूर्वी येता-जाता नजरेखालून जात होतं. आता तेच टी-शर्टवर, मगवर, लॅपटॉपच्या वॉलपेपरवर आणि व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागे दिसणाऱ्या पडद्यावर छापा. रंग एक, फाँट एक, बोलण्याची ढब एक. मग सांगलीतली टेस्टर आणि वॉर्सामधला प्रोग्रॅमर एकाच छताखाली बसल्यासारखे वागू लागतील. २०२०च्या टाळेबंदीनंतर या भरवशावर एजन्सींचा चांगला धंदा झाला.

हा दावा अगदीच वाऱ्यावरचा असता तर त्याच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. पण त्यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं नेमकं व्यवस्थापनाच्या सोयीचं आहे.

आधी ते खोकं बघू. कुरिअरने येतं, हाताला जड लागतं, आत टिश्यू पेपरची सळसळ. काळा टी-शर्ट, स्टीलची बाटली, वही, चार स्टिकर, कधी एखादं कॅक्टसचं रोप आणि वर सीईओच्या छापील सहीचं कार्ड: आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत. महिन्याभराने यातल्या वस्तूंचं काय होतं, ते कुठल्याही मराठी घरात जाऊन बघावं. टी-शर्ट बाबांच्या मॉर्निंग वॉकला, बाटली धाकट्याच्या दप्तरात, वहीत दुधाचा हिशेब. वाया काही जात नाही, आपल्याकडे काहीच वाया जात नाही. पण ज्या कामासाठी ती वस्तू पाठवली ते काम ती एकदाच करते, पहिल्या दिवशी, फोटोपुरतं. खोक्यासोबतचा हसरा फोटो लिंक्डइनवर चढतो, खाली अभिनंदनांची रांग लागते, आणि या सगळ्या खटाटोपाचं खरं गिऱ्हाईक कोण तेही तिथेच कळतं. खोकं येतं नव्या माणसाच्या घरी, पण ते बघायचं असतं त्याच्या मित्रांनी, म्हणजे उद्या ज्यांना नोकरीवर घ्यायचंय त्यांनी. भरतीची जाहिरात म्हणून हा खर्च रास्त आहे. तो आपुलकीच्या खात्यावर टाकणं ही हिशेबातली लबाडी झाली.

ब्रँडिंगची बाजू नीट मांडायची तर हेन्री ताजफेलपाशी जावं लागतं. १९७०च्या सुमारास या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या दोघांची चित्रं दाखवली, कोणती आवडली ते विचारलं आणि त्या आवडीवरून दोन गट पाडलेत असं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. नुसत्या लेबलाने ‘आपण’ आणि ‘ते’ तयार होत असतील, तर लोगोने का होऊ नयेत?

होतात की. पण त्या प्रयोगात मोजलं काय होतं? समोरच्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळावं म्हणून मुलं धडपडली. प्रसंगी आपल्या गटाची एकूण कमाई कमी झाली तरी त्यांना चाललं. त्यांना एकमेकांविषयी जिव्हाळा वाटला, कोणी कोणाच्या अडीअडचणीला धावलं, असं काही त्यात नाही. लेबलाने कुंपण पडतं. कुंपणाच्या आतली माणसं एकमेकांशी बोलतील याची जबाबदारी लेबल घेत नाही, आणि घरून काम करणाऱ्याचं दुखणं तर तेच आहे.

हे दुखणं मोजलंही गेलंय. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या ईमेल, कॉल आणि मीटिंगांच्या नोंदी तपासल्या: २०२०च्या पहिल्या सहामाहीत कोण कोणाशी किती वेळ बोललं, एवढंच. हा अभ्यास २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आला. सगळी कंपनी घरी गेल्यावर लोक आपापल्या टीममध्ये घट्ट झाले आणि टीमबाहेरच्या माणसांना देत असलेल्या वेळेचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी घटला. नव्या ओळखी होईनात, एका विभागातली खबर दुसऱ्या विभागात पोचवणारी माणसं कमी झाली. म्हणजे तुटलं काय, तर शेजारच्या विभागातल्या त्या एका माणसाशी चहाच्या मशीनपाशी होणारं बोलणं. त्या काळात मायक्रोसॉफ्टचा चार रंगी चौकोन प्रत्येकाच्या पडद्यावर सकाळ-संध्याकाळ होताच. चिन्हाच्या दर्शनाने संबंध टिकत असते, तर जगात सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या चिन्हांपैकी एकाच्या सावलीत बसलेली ही माणसं अशी आपापल्या बिळात गेली नसती.

दुसरा पुरावा चीनमधला, आणि तो जास्त बोचरा आहे. सी-ट्रिप या प्रवास कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आखला. त्यांच्यात कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांगही होते. घरून काम करू इच्छिणाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, बाकीच्यांना ऑफिसातच ठेवलं. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. सगळ्यांनाच गोड वाटावा असा निकाल. मग कंपनीने पुन्हा निवड करायला सांगितलं, तर प्रयोगात भाग घेतलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी निर्णय फिरवला. घरी एकटं वाटतं, ही त्यातली मोठी तक्रार होती. आणि आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. तेवढंच चांगलं काम केलं तरी घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता ऑफिसातल्यापेक्षा कमी होती. दृष्टीआड सृष्टी. बढतीच्या यादीत नाव न दिसलेल्या बाईला कंपनीच्या रंगाची उशी पाठवून काय होणार?

याहूचं २०१३ साल या दृष्टीने मासलेवाईक आहे. मारिसा मायर तेव्हा सीईओ होत्या. फेब्रुवारीत कर्मचाऱ्यांना मेमो गेला: घरून काम बंद, सगळ्यांनी ऑफिसात या, चांगले निर्णय कॉरिडॉरमध्ये आणि कँटीनमध्ये होतात. ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने रोज एक नवा लोगो दाखवायला सुरुवात केली, असे तीस दिवस. सप्टेंबरात खरा लोगो आला. मायरबाई स्वतः एक अख्खा शनिवार-रविवार डिझायनरांसोबत बसल्या होत्या आणि शेवटचं उद्गारचिन्ह नऊ अंशांनी कललेलं आहे, हे त्यांनी कौतुकाने लिहून सांगितलं. नऊ अंश! घरच्या अडचणींमुळे दूर राहून काम करणाऱ्या माणसाशी कंपनीने कसं वागावं, यावर एवढी बारकाईची बैठक झाली असती तर मेमोची भाषा वेगळी झाली असती. पण उद्गारचिन्ह कलवायला कोणाशी वाटाघाट करावी लागत नाही.

आपल्याकडे हाच प्रकार घोषणांच्या रूपाने झाला. एप्रिल २०२०मध्ये टीसीएसने ‘२५/२५’ असं सुटसुटीत नाव देऊन जाहीर केलं की २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. नाव तोंडात बसणारं होतं, बातम्यांतही बसलं. २०२३च्या ऑक्टोबरपासून मात्र आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात या, असा निरोप निघाला. धोरण बदलण्याचा कंपनीला अधिकार आहे आणि कारणंही असतील. मुद्दा एवढाच की आधी नाव, चिन्ह, घोषणा दिली आणि मागाहून वागणूक बदलली, तर त्या नावाला लोकांच्या मनात चेष्टेखेरीज जागा राहत नाही.

संकटात कंपनी कशी वागते हे दूर बसलेल्या माणसाला जितकं लख्ख दिसतं तितकं ऑफिसातल्यालाही दिसत नाही, कारण त्याच्या वाट्याला कंपनी म्हणून तेवढंच येतं: एक पडदा आणि त्यावरचे शब्द. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर घेतलं आणि तीनेक मिनिटांत सगळ्यांची नोकरी संपल्याचं सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये आणखी मोठी कपात झाली तेव्हा काहींना ती वरिष्ठांकडून कळण्याआधी पगाराच्या ॲपमध्ये जमा दिसलेल्या नुकसानभरपाईवरून कळली.

त्याच्याशेजारी मे २०२०चं एअरबीएनबी ठेवा. प्रवास ठप्प, कंपनी गाळात, ७,५०० पैकी जवळपास १,९०० जणांना घालवायचं. कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सगळ्यांना लांबलचक पत्र लिहिलं: पैसे का संपताहेत, कोणती कामं बंद करणार, कोणाला कोणत्या निकषावर काढणार. अमेरिकेतल्या लोकांना किमान चौदा आठवड्यांचा पगार आणि वर्षभराचा आरोग्य विमा. अमेरिका-कॅनडात ज्यांची नोकरी जाणार होती त्यांच्याशी वरिष्ठांची स्वतंत्र भेट. लॅपटॉप ठेवून घ्या, नवी नोकरी शोधायला लागेल. भरती करणाऱ्या टीमचा एक भाग या लोकांना इतरत्र नोकऱ्या मिळवून देण्याच्या कामाला लावला. मंदीतली कपात ती कपातच, तिला साखर लावायचं कारण नाही. पण ज्या कंपनीने २०१४ साली ‘बेलो’ नावाचं बोधचिन्ह गाजावाजाने आणलं, जिच्या संस्थापकांपैकी दोघं ऱ्होड आयलंडच्या डिझाइन शाळेतून आले, तिने आपलं डिझाइन अशा वेळी कशावर खर्च केलं ते बघण्यासारखं आहे. पत्राच्या रचनेवर, भेटींच्या क्रमावर, लॅपटॉपवर. बेलो त्या दिवशी कोणाच्या कामाला आलं नाही.

गिटलॅबची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ही कंपनी मुळातच ऑफिसाविना वाढली. एक संस्थापक युक्रेनचा, दुसरा नेदरलँड्सचा, माणसं वेगवेगळ्या देशांत. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री एक इंजिनियर डेटाबेसची दुरुस्ती करत होता. दिवसभर स्पॅमने सर्व्हरवर ताण आला होता, त्यालाही उशीर झालेला. एका सर्व्हरवरची फोल्डर रिकामी करायची आज्ञा त्याने दिली आणि एक-दोन सेकंदांनी त्याच्या लक्षात आलं की आपण भलत्याच सर्व्हरवर, चालू डेटाबेसवर आहोत. आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी शिल्लक. बॅकअपच्या पाच पद्धती ठेवलेल्या; त्यातली एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनियरने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं.

पुढे कंपनीने जे केलं ते कुठल्याही ब्रँड पुस्तिकेत सापडणार नाही. दुरुस्तीच्या चालू नोंदींचं गूगल डॉक जगासाठी उघडं केलं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं, हजारो अनोळखी लोक बघत बसले. त्या इंजिनियरचं नाव नोंदींतून काढून त्याला ‘टीम मेंबर १’ केलं. नंतरच्या सविस्तर अहवालात बॅकअप का चालत नव्हते, त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच कशी नव्हती, हे कलमवार मांडलं आणि दोष व्यवस्थेवर घेतला. हजारो मैलांवर घरी बसलेला दुसरा कुणी प्रोग्रॅमर हे वाचत असेल, तर त्याला त्या रात्री कळलं असणार की उद्या माझा हात चुकला तर हे लोक मला चव्हाट्यावर टांगणार नाहीत. गिटलॅबला तानुकी नावाच्या जपानी प्राण्याचा छान लोगो आहे. त्याचे स्टिकर लोक हौसेने लावतात. पण त्या स्टिकरला किंमत आली ती त्या रात्रीसारख्या रात्रींनी, आणि कोणालाही वाचता येणाऱ्या, हजारो पानांच्या त्यांच्या कामकाजाच्या हँडबुकने.

याउलट घरून काम करण्याचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या बेसकँपचं २०२१मध्ये काय झालं? संस्थापकांनी ‘रिमोट’ नावाचं पुस्तक २०१३ सालीच लिहिलेलं, कंपनीची प्रतिमा, भाषा, संकेतस्थळ सगळं नमुन्यादाखल दाखवावं असं. ग्राहकांच्या ‘गमतीदार’ नावांची एक यादी आत वर्षानुवर्षं फिरत होती, तिच्यावरून वाद पेटला, आणि वरून हुकूम आला की कंपनीच्या खात्यावर सामाजिक-राजकीय चर्चा बंद. काही दिवसांत जवळपास एक तृतीयांश माणसं सोडून गेली. ब्रँड अभंग होता. माणसं गेली.

हे सगळं परदेशी उदाहरणांवर सोडून द्यायचं कारण नाही. घरून काम आणि त्याला बांधलेला ब्रँड यांचा एक जुना आणि दमदार नमुना मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाला. आज ४५,००० च्या आसपास बायका त्यात आहेत. सकाळी शाखेत तिंबलेलं पीठ मिळतं. ते घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणून द्यायचं. तिथे पापड तपासले जातात, वजन होतं, लाटण्याची मजुरी मिळते, आणि नवं पीठ घेऊन बाई परत. घर स्वच्छ आहे का हे बघायला संस्थेची माणसं येऊन जातात. इथे कर्मचारी असं कोणी नाही, सगळ्या ‘बहिणी’ आणि सहमालक. नफा वाटून घ्यायचा, तोटाही. मजुरी काही डोळे दिपवणारी नाही, आणि या कामाकडे भाबडेपणाने बघू नये. पण काम घरी असूनही रोज कुठेतरी जायचं आहे, तिथे कोणीतरी हातात घेऊन बघणार आहे, पैसे तिथेच मिळणार आहेत, आणि वर्षअखेरीला आपल्याही नावाचा वाटा आहे. जोडलेपण याहून वेगळं काय असतं?

आणि लिज्जतचं ब्रँडिंग? टीव्हीवर पापड कुरकुरवणारा तो ससा रामदास पाध्ये यांनी घडवला. एका अख्ख्या पिढीला तो तोंडपाठ आहे. तो ससा गिऱ्हाइकांसाठी होता. बहिणींना एकत्र ठेवायला संस्थेने ससा नाही वापरला, पीठ, वजनकाटा आणि वाटा वापरला.

आता नेहमीचा आक्षेप: एवढं खरं धरलं तरी टी-शर्ट पाठवल्याने बिघडतं काय? कधी बिघडत नाही. कधी सरळसरळ बिघडतं. लोगोचा पडदा पाठीमागे लावून सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवा, हा आग्रह घ्या. २०२१ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त एका अमेरिकी कंपनीतला प्रयोग छापून आला. १०३ कर्मचारी, चार आठवडे. काही दिवस कॅमेरा चालू, काही दिवस बंद. कॅमेरा चालू असलेल्या दिवशी लोक जास्त थकले, आणि थकलेला माणूस मीटिंगमध्ये कमी बोलला. हा थकवा बायकांना आणि नव्याने लागलेल्यांना जास्त जाणवला. म्हणजे ज्यांना जोडून घ्यायचं त्यांनाच हा उपाय जास्त जड जातो. दोन खोल्यांच्या घरात, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, सासूबाई चौकटीत येऊ नयेत म्हणून लावलेल्या त्या निळ्या पडद्याला कोणी आपलेपणा म्हणत असेल तर म्हणो.

आणखी एक नुकसान व्यवस्थापनाचं होतं. खोकी रवाना झाली, वॉलपेपर बदलला, सर्वेक्षणात बरे आकडे आले, की आपण काहीतरी केलं असं वरच्यांना वाटू लागतं. बढतीची यादी कशी ठरते, वेळेचा फरक असलेल्या लोकांना दरवेळी रात्री अकराच्या मीटिंगला का बसावं लागतं, निर्णय कुठे लिहिले जातात की जातच नाहीत, हे प्रश्न मग पुढच्या तिमाहीवर.

डिझायनरांवर इथे राग काढायचा नाही. उलट त्यांच्या हातातलं कसब कंपन्या फुकट घालवतात, ही तक्रार आहे. नव्या माणसाचा पहिला आठवडा एखाद्या डिझायनरने शेजारी बसून बघावा: व्हीपीएन चालत नाही, कोणाला विचारायचं कळत नाही, चार फोल्डरमध्ये एकाच कागदाच्या चार आवृत्त्या, रजेच्या अर्जात मॅनेजरचा कोड मागतात आणि तो कोड कोणालाच ठाऊक नाही. या सगळ्याला रूप द्यायचं काम डिझाइनचंच आहे, आणि त्याचा रंगाशी फार संबंध नाही. ऑटोमॅटिक या वर्डप्रेसवाल्या कंपनीने हे फार आधी ओळखलं. सॅन फ्रान्सिस्कोतलं ऑफिस कोणी फिरकत नाही म्हणून २०१७मध्ये बंद केलं, पण चर्चा आणि निर्णय आतल्या ब्लॉगवर, सगळ्यांना शोधता येतील असे लिहायची शिस्त ठेवली. कोणत्याही पदावर येणाऱ्याला सुरुवातीचे काही आठवडे ग्राहकांच्या तक्रारी सोडवायला बसवलं, आणि जगभरच्या माणसांना एकत्र आणणाऱ्या मोठ्या मेळाव्यावर पैसे खर्च केले. पुण्यातल्या एखाद्या कंपनीला सांगली, लातूर आणि नागपूरची आपली माणसं वर्षातून दोनदा चार-चार दिवस बोलवायची तर लागणारा खर्च रेल्वेभाडं, लॉज आणि जेवण एवढाच आहे. त्यातला एक दिवस प्रत्येकाने दुसऱ्या विभागातल्या कोणाच्या तरी शेजारी बसून त्याचं काम बघावं, आणि परत जाताना त्याचा फोन नंबर घेऊन जावं.